ठासणीच्या रायफलचा पीळ कसा मोजावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीळ म्हणजे नेमके काय?

रायफलच्या नळीत आतून कोरलेल्या खाचा सरळ जात नाहीत, त्या नळीभोवती पीळ घेत जातात. खाचेला एक पूर्ण फेरा घ्यायला नळीची जितकी लांबी लागते, तो त्या नळीचा पीळ. १:४८ म्हणजे ४८ इंचांत एक फेरा, १:६६ म्हणजे ६६ इंचांत एक. आकडा जितका मोठा, तितका पीळ संथ. इथे हमखास घोटाळा होतो, कारण मोठा आकडा दिसला की पीळही जास्त असेल असे वाटते.

फेऱ्याची लांबी नळीच्या लांबीपेक्षा जास्त असू शकते. १:६६ ची नळी प्रत्यक्षात ३० किंवा ३२ इंचांचीच असते, म्हणजे गोळी नळीत अर्धाही फेरा पुरा करत नाही. पीळ मोजण्यातली खरी अडचण हीच, आणि पुढची बरीच उत्तरे तिच्याभोवतीच आहेत.

नळीवर आकडा कोरलेला असताना मोजायचे कशाला?

आकडा असेल तर उत्तमच, पण तो पडताळून घ्यावा. जुन्या बंदुकांवर पीळ बहुधा लिहिलेलाच नसतो. शिवाय झिजलेली नळी पुन्हा कोरून घेणे, आत नवे अस्तर बसवणे, किंवा दुसरीच नळी जुन्या दस्त्यावर चढवणे हे उद्योग दीडशे वर्षे चालत आले आहेत. एकाच नावाची आधुनिक रायफलही कधी गोल गोळीसाठी संथ पिळाची, तर कधी लांब गोळीसाठी तीव्र पिळाची मिळते. लायमन या अमेरिकी कंपनीच्या ग्रेट प्लेन्स रायफलचा पीळ १:६० आणि तिच्याच ग्रेट प्लेन्स हंटर या भावंडाचा १:३२. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात.

सुरुवात कुठून करायची?

बंदूक भरलेली नाही याची खात्री करण्यापासून. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते, आणि भिंतीवर टांगलेल्या जुन्या बंदुका भरलेल्या निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. ही पायरी कुणीही गाळू नये.

टोपीची बंदूक (घोडा स्फोटक टोपीवर आपटून पेटणारी) असेल तर निपलवर, म्हणजे ती टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर, टोपी नाही हे पाहा. चकमकीची असेल तर रंजकाची वाटी रिकामी करा आणि चकमकीचा दगड काढून ठेवा. मग गज नळीत अलगद सोडा. तो बुडाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, गज बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, लावून पाहा. गजाचे टोक निपलच्या किंवा काना, म्हणजे रंजकाच्या छिद्राच्या, जवळपास पोचले पाहिजे. ते दीड-दोन इंच अलीकडेच थांबत असेल तर बंदूक भरलेली आहे असेच धरून चाला. काही बुडांत दारूची कोठडी नळीपेक्षा अरुंद असते, तिथे गज थोडा अलीकडे थांबणे स्वाभाविक आहे. तरीही शंका असेल तर बंदूक जाणकार कारागिराकडे न्या. भरलेल्या नळीत मोजमापाचा गज घालायचा नाही आणि नळीच्या तोंडासमोर हात किंवा चेहरा आणायचा नाही.

साहित्य काय लागेल?

नळीपेक्षा किमान फूटभर लांब, सरळ गज: पितळी, पोलादी किंवा फायबरचा. त्याची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी. टोकाला त्या कॅलिबरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) जॅग, म्हणजे चिंधी धरून ठेवणारा, कडी पाडलेला पितळी तुकडा. आजच्या बहुतेक गजांचे आटे १०-३२ (क्रमांक १० ची जाडी, इंचाला ३२ आटे) असतात, काहींचे ८-३२. जॅग घेताना हे जुळवून घ्या. याखेरीज स्वच्छ सुती चिंध्या, हलके तेल, चिकटपट्टी, बारीक टोकाचे पेन, पोलादी मोजपट्टी आणि नळीचे तोंड घासू नये म्हणून गजावर सरकणारा पितळी किंवा प्लास्टिकचा मार्गदर्शक. अचूक मोजायचे तर पुठ्ठ्याची अंश आखलेली तबकडी आणि वजन बांधलेला दोरा, म्हणजे ओळंबा.

एक गोष्ट गाठीला बांधा. फिरायचे आहे ते मुठीत. जॅग आणि गज एकमेकांना घट्ट असले पाहिजेत. जॅगच गजावर मोकळा फिरत असेल तर तो खाचांबरोबर फिरेल आणि गज जागच्या जागी राहील.

बंदुकीसोबत येणारा लाकडी गज या कामाला वापरू नका. तो मुठीत धरावा लागतो, आणि हाताची पकड त्याला मोकळा फिरू देत नाही.

मोजण्याची पद्धत पायरी पायरीने सांगा.

१. नळी नीट धुऊन पुसून घ्या. दारूची राख साचली असेल तर चिंधी खाचा सोडून घसरते. शेवटी तेलाचा अगदी पुसट हात द्या.

२. निपल काढून ठेवा. बूड बंद असले की घट्ट चिंधी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वागते: ढकलताना हवा दाबली जाते, ओढताना पोकळी होते, आणि दोन्ही वेळी हात अडखळतो. चकमकीच्या बंदुकीत काना मोकळा आहे एवढे पाहा.

३. बंदूक आडवी, हलणार नाही अशी ठेवा.

४. जॅगवर चिंधी घालून ती बुडापर्यंत न्या. तिने खाचा घट्ट धरल्या पाहिजेत, पण दोन बोटांनी मूठ ओढली तर गज सरकलाही पाहिजे. एक चिंधी सैल वाटली तर दोन घ्या.

५. गज सुमारे दोन इंच मागे ओढा. जॅग, चिंधी आणि आटे यांच्यातली सगळी ढिलाई इथे निघून जाते. मोजणी इथून सुरू करायची.

६. नळीच्या तोंडाच्या अगदी कडेला गजावर आडवी रेघ मारा आणि गजाच्या माथ्यावर, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या जागी, एक ठिपका द्या.

७. मूठ सरळ रेषेत, न थांबता ओढा. गज आपोआप फिरत येईल. त्याला फिरवायचेही नाही आणि अडवायचेही नाही.

८. ठरावीक अंतर ओढून झाले की थांबा आणि ठिपका किती अंश सरकला ते वाचा.

पीळ = ओढलेले अंतर × ३६० ÷ फिरलेले अंश.

तीव्र पिळाच्या नळीत पूर्ण फेरा मिळतो, तेव्हा हिशेबच नको: ठिपका पुन्हा माथ्यावर आला की दोन रेघांमधले अंतर हाच पीळ. अर्धा फेरा मिळाला तर दुप्पट करा, पाव मिळाला तर चौपट.

ढकलताना मोजले तर नाही का चालणार?

चालते, पण ओढताना मोजणे जास्त भरवशाचे. कारण आट्यांत आहे. बहुतेक नळ्यांचा पीळ उजवा असतो आणि जॅगचे आटेही उजवे. गज आत ढकलताना नळी जॅगला ज्या दिशेने फिरवते, ती तो सैल होण्याची दिशा. ओढताना तो उलट आवळला जातो. मूठ जराशी जड फिरत असेल तर ढकलताना जॅग अर्धा-पाऊण आटा सुटतो, आणि ते वळण मापातून गायब होते. पीळ आहे त्यापेक्षा संथ भासतो.

अंश किती सोपे वाचता येतील?

नळी अष्टकोनी असेल तर ती स्वतःच मोजपट्टी आहे. आठ पैलू, प्रत्येक ४५ अंशांचा. ठिपका तीन पैलू ओलांडून गेला तर १३५ अंश. डोळ्यांनी एवढ्यावरून पाच-सात अंशांपर्यंत अंदाज येतो.

त्याहून बारीक हवे तर तबकडी वापरा. पुठ्ठ्याची, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची, ० ते ३६० अंश आखलेली तबकडी मुठीच्या अलीकडे गजावर घट्ट बसवा. मुठीवर बसवली तर ती फिरणारच नाही. गजावर, तबकडीला लागून, सैल फासाने ओळंबा अडकवा. गज फिरला की तबकडी फिरते, दोरा मात्र खालीच लोंबतो. ओढण्याआधी आणि ओढल्यावर दोऱ्याखालचे अंश वाचले की फरक हाती येतो. असे दोन अंशांपर्यंत वाचता येते आणि सगळा खर्च पुठ्ठ्याचा.

ओढायचे अंतर २४ इंच ठेवले तर हिशेब फार सोपा होतो: ८६४० ला मिळालेल्या अंशांनी भागायचे. २४ इंचांत सर्वसाधारण पीळ किती फिरतात ते असे:

१:२० – ४३२ अंश
१:२८ – ३०९ अंश
१:३२ – २७० अंश
१:३८ – २२७ अंश
१:४८ – १८० अंश
१:६० – १४४ अंश
१:६६ – १३१ अंश
१:७२ – १२० अंश
१:७८ – १११ अंश

नळी आखूड असेल तर १८ इंच ओढा आणि ६४८० ला भागा. मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्यांनी ६०० मिमी ओढून २,१६,००० ला भागावे, उत्तर मिलिमीटरमध्ये येईल. १:४८ म्हणजे १२१९ मिमी, १:६६ म्हणजे १६७६ मिमी.

एकदा मोजले की पुरे?

नाही. किमान पाच वेळा मोजा, दर वेळी नवी चिंधी घेऊन. पाच अंशांची चूक किती महागात पडते पाहा: १:६६ च्या नळीत २४ इंच ओढल्यावर १३१ ऐवजी १२६ वाचले तर उत्तर जवळजवळ ६८.५ येते, १३६ वाचले तर ६३.५. हीच पाच अंशांची चूक पाव फेऱ्यावर, म्हणजे साडेसोळा इंचांवर, केली तर उत्तर साडेबासष्टपासून सत्तरपर्यंत कुठेही जाते. म्हणून जितके लांब ओढता येईल तितके ओढा.

चूक घडली तर ती बहुतेक वेळा एकाच बाजूला जाते. चिंधी घसरली, जॅग सुटला किंवा मूठ अडकली, काहीही झाले तरी गज कमीच फिरतो, जास्त फिरत नाही. त्यामुळे पाचपैकी चार मापे जुळली आणि एक बरेच संथ आले तर ते बिनदिक्कत सोडून द्या. सरासरीत घेऊ नका.

माप ६७.४ आले. असा पीळ असतो का?

नळ्या ठरावीक आकड्यांच्या कोरल्या जातात, तेव्हा ते बहुधा ६६ असावे. मात्र हाताने कोरलेल्या जुन्या नळ्यांत कारागिराच्या मार्गदर्शक दंडाचा जो पीळ तोच नळीचा, आणि तिथे ६७ खरेही असू शकते. ७० की ७२ यावर रात्र घालवू नका. २४ इंचांत तो फरक साडेतीन अंशांचाही नाही, आणि गोळीला तो कळतही नाही. ४८ की ६६, २८ की ४८, हे मात्र नक्की ठरले पाहिजे.

गज अजिबात फिरत नाही.

आधी चिंधी जाड करा, मूठ मोकळी फिरते का पाहा, जॅग आवळा. तरीही फिरला नाही तर नळीत प्रकाश टाकून खाचा पाहा. खाचा नसतील तर ती गुळगुळीत नळीची बंदूक. खाचा आहेत पण तोंडापासून बुडापर्यंत सरळच जातात, असेही काही जुन्या बंदुकांत आढळते.

सुरुवातीला गज कमी फिरतो आणि तोंडाकडे येताना जास्त. का?

तो वाढता पीळ असू शकतो. अशा नळीत खाचा बुडाशी संथ असतात आणि तोंडाकडे तीव्र होत जातात. खात्री करायची तर दर सहा इंचांना अंश टिपून घ्या. पाचही वेळा तोच चढता क्रम दिसला तर वाढता पीळ समजा, आणि तोंडाजवळच्या सहा इंचांचा पीळ धरून चाला, कारण गोळी नळीतून बाहेर पडते ती त्या फिरकीने. क्रम दर वेळी वेगळा असेल तर चिंधी घसरते आहे.

नळीच्या तोंडाशी शेवटचा इंच-दोन इंच मापात घेऊ नका. कित्येक तोंडे गोळी सहज बसावी म्हणून आतून शंकूसारखी रुंदावलेली असतात, शिवाय गजाच्या घर्षणाने तिथली झीजही सर्वांत जास्त असते.

शिशाचा ठसा घेऊन खाचांचा कोन मोजता येईल का?

कागदावर येतो, हातात येत नाही. ०.५० कॅलिबरमध्ये १:४८ च्या खाचेचा नळीच्या अक्षाशी कोन १.९ अंशांच्या आसपास, १:६६ चा सुमारे १.४. अर्ध्या अंशाचा हा फरक लहानशा ठशावर ओळखणे घरच्या साधनांनी होत नाही. ठसा घ्यावा तो खाचांची खोली आणि नळीचा खरा व्यास कळण्यासाठी. तिथे त्याला तोड नाही.

पीळ उजवा की डावा हे कसे ओळखायचे?

गज स्वतःकडे ओढताना तो घड्याळाच्या उलट फिरला तर पीळ उजवा. गोळी निवडताना याने काही बदलत नाही.

जुन्या कागदपत्रांत "पाव फेरा" असे लिहिलेले असते. त्याचा आकडा कसा काढायचा?

नळीच्या लांबीला फेऱ्याच्या अंशाने भागा. ब्रिटिशांच्या १८०० सालच्या बेकर रायफलची नळी ३० इंचांची आणि तीत पाव फेरा, म्हणजे १:१२०. त्यांच्याच १८५३ च्या तीन पट्ट्यांच्या (नळी दस्त्याला तीन धातूच्या पट्ट्यांनी बांधलेल्या) एनफिल्डमध्ये ३९ इंचांत अर्धा फेरा, म्हणजे १:७८. ब्रन्सविक रायफलमध्ये ३० इंचांत पुरा फेरा, म्हणजे १:३०. व्हिटवर्थची षटकोनी नळी तर १:२० ची, म्हणजे नळीतच दीड फेऱ्याहून जास्त.

पीळ कळला. आता गोळी कोणती?

मोजण्याचा सगळा खटाटोप याचसाठी. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला लांबी नसते, त्यामुळे ती आडवी होण्याचा प्रश्नच येत नाही. तिला फिरकी लागते ती फक्त ओतकामातला दोष, आतला हवेचा बुडबुडा किंवा देठाची सपाट जागा, सगळ्या बाजूंना सारखा वाटला जावा म्हणून. तेवढ्याला संथ पीळ पुरतो. ०.५० ते ०.५८ कॅलिबरमध्ये १:६० ते १:७२ हा गोल गोळीचा प्रांत. लहान कॅलिबरला, ०.३२ किंवा ०.३६ ला, १:४८ सुद्धा छान चालतो.

तीव्र पिळात गोल गोळीची अडचण पकडीची आहे. गोळीला फक्त चिंधी धरून असते. दारू जास्त झाली की गोळी खाचांबरोबर वळण्याऐवजी त्यांच्यावरून सरळ घसरते, चिंधी फाटते आणि नेम विस्कटतो. म्हणून १:२८ च्या नळीत गोल गोळी मारायचीच असेल तर दारू कमी ठेवा. संथ पिळाच्या नळीत खाचा खोलही असतात, साधारण ०.००८ ते ०.०१२ इंच, म्हणजे चिंधीला जागा मिळते. लांब गोळीच्या नळीत त्या पुष्कळदा ०.००५ इंचांच्या आतच असतात.

लांब, भरीव शिशाच्या गोळीसाठी १८७९ साली ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी दिलेले सूत्र काळ्या दारूच्या वेगांना आजही नीट लागू पडते:

पीळ = १५० × व्यास × व्यास ÷ लांबी (सगळे इंचांत)

०.४५१ इंच व्यासाची, १.१ इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर २७.७, म्हणजे १:२८. ०.५० व्यासाची एक इंच लांब गोळी घेतली तर ३७.५, म्हणजे ती १:४८ मध्ये डगमगेल आणि १:३२ मध्ये सरळ जाईल. उत्तर ही कमाल मर्यादा आहे: नळीचा आकडा तेवढा किंवा त्याहून लहान हवा. प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी असेल तर व्यास आतल्या गोळीचा धरा, नळीचा नव्हे.

मग मिनी (Minié) गोळी, म्हणजे एनफिल्डसारख्या बंदुकांतली लांबट शिशाची गोळी, १:७८ मध्ये कशी चालते? सूत्र तर तिला ५० च्या आसपास पीळ मागते.

कारण ती बुडाशी पोकळ असते. वजन पुढे, पोकळ बूड मागे, म्हणून फिरकी कमी असली तरी ती बरीचशी आपल्या आकारानेच सरळ राहते. ग्रीनहिल यांचे सूत्र भरीव गोळीसाठी आहे, ते इथे लावू नये. एनफिल्डच्या आखूड, दोन पट्ट्यांच्या नौदल प्रकारात पीळ १:४८ केला होता, आणि लांब पल्ल्याला त्यांचा नेम तीन पट्ट्यांच्या बंदुकीपेक्षा चांगला मानला जातो.

१:४८ म्हणजे धड ना इकडचा ना तिकडचा, हे खरे का?

अर्धवट खरे. आधुनिक कारखान्यांनी गोल आणि आखूड लांबट अशा दोन्ही गोळ्या चालाव्यात म्हणून तो निवडला हे बरोबर. पण अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉकेन बंधू या बंदूक-कारागिरांनी गोल गोळीच्या रायफलींना हाच पीळ दिला होता, आणि त्या रायफली नेमाबद्दल नावाजलेल्या होत्या. खाचा पुरेशा खोल असतील तर १:४८ गोल गोळी उत्तम मारतो. खाचा उथळ असतील तर बेताची दारू आणि घट्ट चिंधी लागते. म्हणून १:४८ दिसला की पिळाइतकीच खाचांची खोलीही मोजा.

माप बरोबर आले का, हे गोळीबारात कसे दिसेल?

लक्ष्यावरच्या कागदात भोक गोल न पडता लांबट पडले तर गोळी आडवी होऊन लागली आहे, म्हणजे तिच्या लांबीला पीळ अपुरा. गोल गोळी मारत असाल तर नळीसमोर पडलेल्या चिंध्या उचलून पाहा. मध्ये काळा गोल आणि कडेला सुटलेले धागे ठीक. खाचांच्या रेषेत चिरलेली चिंधी म्हणजे दारू जास्त, चिंधी पातळ किंवा खाचांच्या कडा धारदार. दारू कमी-जास्त करताना बंदुकीच्या निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, आणि काळी दारू किंवा तिच्या जागी वापरण्यासाठीच बनवलेली दारू सोडून दुसरे काही घालू नका. बिनधुराच्या दारूने या नळ्या फुटतात.

मोजताना जॅग नळीतच अडकला.

हातोडी मारू नका आणि गज पिळू नका, आटे तुटतील. तोंडातून आणि निपलच्या भोकातून हलके तेल सोडून काही तास थांबा, मग मूठ सरळ रेषेत ओढा. जॅग गजापासून सुटून आत राहिला असेल तर निपलच्या आट्यांत बसणाऱ्या तोटीतून ग्रीसगनने ग्रीस भरत तो हळूहळू बाहेर सरकवता येतो. दाबाच्या हवेपेक्षा हे सुरक्षित, कारण ग्रीस दाबले जात नाही आणि अडकलेली वस्तू उसळून बाहेर येत नाही. ताराचा ब्रश या कामाला घालू नका. त्याचे केस बंद बुडाच्या नळीत उलटे वळत नाहीत आणि तोच नवा अडथळा होतो.